क्रियापदांच्या पाठराखिणी

मी मराठीचा प्राध्यापक. गेली एकोणीस वर्षे एका तालुक्याच्या गावी संतवाङ्मय, भाषाशास्त्र आणि व्याकरण शिकवतो आहे. अशा माणसाने इंग्रजी क्रियापदांपुढे येणाऱ्या अव्ययांवर लेख लिहावा, हे काहीसे सुताराने सोनाराच्या दुकानात जाऊन बसण्यासारखेच आहे. आमच्या इंग्रजी विभागातल्या मित्राने तर मला सरळच विचारले, "काय हो, मराठीत लिहिण्यासारखं काही उरलं नाही वाटतं?" उरले आहे, पुष्कळ उरले आहे. पण या विषयात माझ्या हातून एक चूक झालेली आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली. ती कबूल केल्याशिवाय मला पुढे काही लिहिता येईल असे वाटत नाही. शिवाय त्या चुकीपायी जे शिकलो, ते वाचकांपैकी कोणाच्या तरी मुलाबाळांच्या उपयोगी पडेल, अशीही आशा आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या तृतीय वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीतून ती एस.टी.ने येई. ती चौथीत असतानाच वडील गेले होते. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊन दोन लेकरांचे शिक्षण करत होती. मुलगी विलक्षण हुशार. मराठीत बोलायला उभी राहिली की वर्ग स्तब्ध होई. पण इंग्रजीचा तास आला की हीच मुलगी मागच्या बाकावर, खांबाच्या आडोशाला जाऊन बसे.

एकदा वर्गात इंग्रजीचा विषय निघाला आणि माझ्या अंगात संचारले. मी म्हणालो, "अरे, इंग्रजीला भिता कशाला? आधी मनात मराठी वाक्य पक्कं करा. मग एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत जा. बोलता बोलता इंग्रजी होऊन जातं!" मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश झालो. प्राध्यापकाला टाळ्या मिळाल्या की आपण बोललो ते खरे होते की नाही, हे तपासायची त्याला गरज वाटत नाही.

पुढे त्या मुलीला पुण्यातल्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावले. समोर तिघे जण बसलेले. पहिलाच प्रश्न, घरच्यांविषयी सांगा. मुलीने माझा मंत्र आठवला. मनात मराठी वाक्य पक्के केले: "वडील गेल्यावर आईनेच आमच्याकडे पाहिलं." मग एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावला आणि म्हणाली, "आफ्टर माय फादर्स डेथ, माय मदर लुक्ड ॲट अस."

तिघांपैकी एक जण हसला. म्हणाला, "नुसतं पाहिलंच? आणखी काही केलं नाही का तिने?" बाकीचे दोघेही हसले. मुलीला आपले काय चुकले ते कळेना. एवढेच कळले की, ही माणसे आपल्या आईला हसली. पुढच्या प्रश्नांना तिच्या तोंडून शब्द फुटला नाही.

सोमवारी ती आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. घडले ते सगळे सांगितले. रडली नाही, रागावली नाही. फक्त शेवटी म्हणाली, "सर, तुम्हीच सांगितलं होतं ना, मराठी वाक्य पक्कं करा म्हणून? माझं मराठी वाक्य तर पक्कं होतं."

वाक्य पक्के होते यात शंकाच नव्हती. कच्चा होता तो माझा सल्ला.

त्याच संध्याकाळी मी दोनशे पानी वही विकत घेतली आणि चाळिशी ओलांडल्यावर नव्याने इंग्रजी शिकायला बसलो. इंग्रजीच्या मित्राकडे गेलो, तर तो म्हणाला, "अहो, त्याला नियम नाहीत. पाठ करायचं आणि गप्प बसायचं." पण व्याकरण शिकवणाऱ्या माणसाला 'नियम नाहीत' हे उत्तर पचत नाही. नियम नसले तरी कारणे असतात, आणि कारण कळले की पाठांतराचे ओझे निम्मे होते, असा माझा अनुभव आहे.

आधी नावापासून सुरुवात केली. 'प्रेपोझिशन' या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच 'पुढे ठेवलेले' असा आहे. इंग्रजीतले हे अव्यय चोपदारासारखे नामाच्या पुढे चालते. टेबलावर म्हणताना 'वर' आधी आणि टेबल मागून: 'ऑन द टेबल'. आपले शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तीचा प्रत्यय मात्र आईचा पदर धरून चालणाऱ्या लेकरासारखा नामाच्या मागे येतो. शिवाय तो आला की नामाला आपले रूप बदलून सामान्यरूप घ्यावे लागते. घोड्यावर बसताना आधी 'घोडा'चा 'घोड्या' करावा लागतो. मराठी शिकणारे परभाषी लोक या सामान्यरूपाने घायकुतीला येतात. तेव्हा परक्या भाषेचा छळ आपल्याच वाट्याला आला आहे, असे मानण्याचे कारण नाही.

इंग्रजीतही एके काळी विभक्तीचे प्रत्यय होते. जुन्या इंग्रजीत नामे आपल्या संस्कृतासारखी चालवावी लागत. हे प्रत्यय हळूहळू झिजू लागले होतेच. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यावर दरबारात फ्रेंच आली, इंग्रजी सामान्यांच्या तोंडी राहिली आणि ही झीज आणखी वाढली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे कवी चॉसरच्या काळापर्यंत, बहुतेक प्रत्यय नाहीसे झाले होते. 'ही'चे 'हिम', 'हू'चे 'हूम' आणि षष्ठीचा 'स' एवढेच त्या वैभवाचे अवशेष आज उरले आहेत. मग त्या प्रत्ययांचे काम कोणी करायचे? ते दोघांनी वाटून घेतले. काही काम शब्दांच्या क्रमाकडे गेले आणि काही 'ॲट, ऑन, फॉर, टू, विथ' या मंडळींकडे. 'माणसाला कुत्रा चावला' आणि 'कुत्रा माणसाला चावला' ही दोन्ही वाक्ये आपल्याकडे एकच अर्थ सांगतात, कारण 'ला' माणसाला चिकटलेला आहे. इंग्रजीत शब्दांची जागा बदला, की माणूसच कुत्र्याला चावून मोकळा होतो!

इंग्रजी क्रियापदाला सोबतीण का लागते, याचे हे उत्तर झाले. लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा बरोबर पाठराखीण जाते, तशीच ही अव्यये. पण कोणत्या मुलीबरोबर कोणी जायचे, हे मात्र प्रत्येक घराण्याने आपापल्या परीने ठरवलेले असते. मराठीने ठरवलेली पाठराखीण इंग्रजीच्या घरी पाठवली की घोटाळा होतो. माझ्या विद्यार्थिनीचे तेच झाले. मराठीत 'कडे पाहणे' म्हणजे नजर टाकणेही आणि सांभाळ करणेही. इंग्रजीने या दोन कामांना दोन वेगळ्या बायका नेमल्या आहेत. नजर टाकायची तर 'लुक ॲट', सांभाळ करायचा तर 'लुक आफ्टर'. हरवलेली वस्तू शोधायची तर 'लुक फॉर', प्रकरणाची चौकशी करायची तर 'लुक इंटू', आणि एखाद्याला तुच्छ लेखायचे तर 'लुक डाउन ऑन'. क्रियापद तेच, पाठराखीण बदलली की घर बदलले.

मी वहीत तीन रकाने पाडले. पहिल्यात मराठी वाक्यप्रयोग, दुसऱ्यात त्यातला प्रत्यय, तिसऱ्यात इंग्रजी क्रियापद आणि त्याचा सोबती. आठवडाभरात सव्वाशे क्रियापदे भरली आणि त्यांचे आपोआप चार गट पडले.

पहिला गट सुखाचा. येथे दोन्ही भाषांचे जमते. 'वर अवलंबून असणे' म्हणजे 'डिपेंड ऑन'. 'वर भिस्त ठेवणे' म्हणजे 'रिलाय ऑन'. 'कडून उसने घेणे' म्हणजे 'बॉरो फ्रॉम'. 'पासून रक्षण करणे' म्हणजे 'प्रोटेक्ट फ्रॉम'. या गटात मुले चुकत नाहीत, आणि याच गटामुळे ती पुढे फसतात. चार ठिकाणी 'वर'ला 'ऑन' चालले, म्हणजे पाचव्या ठिकाणीही चालेल, असे त्यांना वाटते.

दुसरा गट अधिक धोक्याचा. येथे मराठीत प्रत्यय लागतो आणि इंग्रजीत काहीच लागत नाही. 'विषयी चर्चा करणे' म्हणून मुले 'डिस्कस अबाउट' म्हणतात. 'वर हल्ला करणे' म्हणून 'अटॅक ऑन', 'शी लग्न करणे' म्हणून 'मॅरी विथ', 'ला विनंती करणे' म्हणून 'रिक्वेस्ट टू', 'खोलीत शिरणे' म्हणून 'एंटर इन द रूम'. 'वडिलांसारखा दिसणे' म्हणजे 'रिझेंबल'. पण तेथेही मुले 'टू' नाहीतर 'विथ' आणून बसवतात. खरे म्हणजे या साऱ्या क्रियापदांना थेट कर्म लागते, मध्ये कोणी नको. खोलीत प्रवेश करायचा तर 'एंटर द रूम', मुलीशी लग्न करायचे तर 'मॅरी हर'. मी स्वतः इतकी वर्षे इंग्रजी अर्जात 'आय रिक्वेस्ट टू यू' लिहीत आलो होतो, आणि कचेरीतल्या कोणीही मला ते सांगितले नाही. बहुधा तेही तसेच लिहीत असावेत.

असे का होते, याचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, आणि मराठीचा प्राध्यापक असल्याचा पहिल्यांदा फायदा झाला. आपण मराठीत क्रियापदाचे काम बहुधा 'नाम अधिक करणे' असे भागवतो. चर्चा करावी लागते, हल्ला करावा लागतो, लग्न करावे लागते, विनंती करावी लागते. म्हणजे आपल्या वाक्यात खरे तर 'चर्चा', 'हल्ला', 'विनंती' ही नामे असतात, आणि नामाला प्रत्ययाचा किंवा शब्दयोगी अव्ययाचा आधार लागतो. इंग्रजीतही असेच आहे! 'डिस्कशन' हे नाम आले की 'अबाउट' चालते. 'अटॅक' नाम म्हणून वापरला की 'ॲन अटॅक ऑन द फोर्ट' असेच म्हणावे लागते. 'रिझेंब्लन्स'ला 'टू' लागतो, 'एंट्री'ला 'इंटू' चालतो, 'रिक्वेस्ट' नाम झाली की 'फॉर' घेऊन येते. तेव्हा मुलांना मी आता एवढेच सांगतो: नाम असेल तर आधार द्या, हेच शब्द क्रियापद होऊन आले तर त्यांना आपल्या पायांवर उभे राहू द्या. एवढ्या एका सूत्राने अर्ध्या वर्गाच्या चुका निम्म्यावर आल्या.

तिसरा गट याच्या उलट. मराठीत काही वेगळे लागत नाही आणि इंग्रजीत लागते. आपण गाणे ऐकतो, इंग्रज गाण्या'कडे' ऐकतो, म्हणजे 'लिसन टू'. आपण किल्ली शोधतो, तो 'लुक फॉर' करतो. आपण पाणी मागतो, तो 'आस्क फॉर' करतो. आपण बसची वाट पाहतो, तो 'वेट फॉर' करतो. या गटात मुले पाठराखिणीला घरीच ठेवून मुलीला एकटी पाठवतात: 'आय ॲम वेटिंग यू.'

चौथा गट सगळ्यांत मोठा. दोन्हीकडे सोबती आहे, पण वेगळा. 'पेक्षा चहा पसंत करणे' म्हणून मुले 'प्रिफर टी दॅन कॉफी' म्हणतात, पण हवे 'प्रिफर टी टू कॉफी'. 'प्रिफर'चा मूळ लॅटिन अर्थ पुढे आणणे असा आहे; म्हणून एक वस्तू दुसरीच्या पुढे आणली जाते, दोघींची तुलना होत नाही. 'बद्दल अभिनंदन' म्हणजे 'कन्ग्रॅच्युलेट ऑन'. 'चोरीचा आरोप' म्हणजे 'ॲक्यूज ऑफ', एका एफचा ऑफ. 'तापाने आजारी' म्हणजे 'सफर फ्रॉम फीव्हर'. आपण एकाच 'पोचणे'ने काम भागवतो. इंग्रजीत 'रीच' म्हटले तर काही नको, 'अराइव्ह' म्हटले तर स्टेशनला 'ॲट' आणि शहराला 'इन', आणि 'टू' मात्र कधीच नाही.

हे चार गट पाडल्यावर माझ्या ध्यानात आले की, मराठी प्रत्ययाला एक आणि एकच इंग्रजी जोडीदार नेमून देणे, हेच चुकीचे मूळ आहे. एकटा 'वर' घ्या. मी आईवर अवलंबून आहे, येथे 'ऑन'. मी आईवर ओरडतो, येथे 'ॲट'. मी आईवर विश्वास टाकतो, येथे 'ट्रस्ट' घेतला तर काहीच नको. मी आईवर प्रेम करतो, येथेही काही नको. माझी श्रद्धा देवावर असेल तर 'बिलीव्ह इन', आणि नुसते कोणाचे बोलणे खरे मानायचे असेल तर रिकामे 'बिलीव्ह'. 'ला'चीही तीच तऱ्हा. 'मला सांग' यात 'टेल मी', 'मला समजावून सांग' यात 'एक्सप्लेन इट टू मी', 'मला हसला' यात 'लाफ्ड ॲट मी'. शाळेत आपण 'स, ला, ते' आणि 'ने, ए, शी' असा घोष करून विभक्ती पाठ केल्या; त्या घोषात इंग्रजीची एकेक ओळ समोरासमोर बसवता येईल, हा भ्रम आहे. तो मलाही होता.

मग कारणे कोठे आहेत? ती इंग्रजी अव्ययांच्या स्वतःच्या स्वभावात आहेत. 'ॲट'ला नेम धरायची सवय आहे. म्हणून 'लुक ॲट', 'लाफ ॲट', 'शाउट ॲट', 'एम ॲट'. मैदानावर चेंडू साथीदाराने झेलावा म्हणून टाकला तर 'थ्रो टू', आणि कोणाला लागावा म्हणून फेकला तर 'थ्रो ॲट'. तसेच हाक मारून काही सांगायचे तर 'शाउट टू', रागाने खेकसायचे तर 'शाउट ॲट'. 'फॉर' हा आशाळभूत. जे हातात नाही पण हवे आहे, त्याच्यामागे तो असतो: 'वेट फॉर', 'लुक फॉर', 'आस्क फॉर', 'होप फॉर', आणि नोकरीसाठी 'अप्लाय फॉर'. 'ऑन'वर भार पडतो: 'डिपेंड ऑन', 'रिलाय ऑन', 'इन्सिस्ट ऑन'. 'इंटू' एकाचे दुसरे करतो: 'ट्रान्सलेट इंटू', 'डिव्हाइड इंटू', 'टर्न इंटू'. 'फ्रॉम' दूर ठेवतो: 'प्रिव्हेंट फ्रॉम', 'प्रोटेक्ट फ्रॉम'. काही देऊन भरायचे तर 'विथ': 'प्रोव्हाइड विथ', 'फिल विथ'. आणि काही काढून घ्यायचे तर एका एफचा 'ऑफ': 'रॉब ऑफ', 'डिप्राइव्ह ऑफ', एवढेच नव्हे तर रोग काढून घ्यायचा तरी 'क्युअर ऑफ'. या स्वभावांनी सगळी क्रियापदे उलगडतात असे मी म्हणत नाही. पण शंभरातली बरीच उलगडतात, आणि उरलेली पाठ करताना मन कुरकुरत नाही.

येथे कोणी विचारील की, खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचे तरी याबाबत एकमत आहे काय? नाही. इंग्रज 'राइट टू मी' म्हणतो, अमेरिकन खुशाल 'राइट मी' म्हणतो. इंग्रज निर्णयाच्या विरोधात 'प्रोटेस्ट अगेन्स्ट' करतो, अमेरिकनाला 'अगेन्स्ट' नसला तरी चालतो. इंग्रज फॉर्म 'फिल इन' करतो, अमेरिकन 'फिल आउट' करतो. अव्यय वाक्याच्या शेवटी येऊ द्यावे की नाही, यावर कवी ड्रायडनने १६७२ साली कुरकूर केली, आणि पुढे शाळामास्तरांच्या कित्येक पिढ्यांनी ती नियम म्हणून गिरवली. आपणही यात भर घातली आहे. 'कोप विथ' पुरेसे असताना आपण भारतीय 'कोप अप विथ' म्हणतो. तेव्हा चूक झाली म्हणून कोणी कोणाला हसावे, इतके कोणाचेच घर शाकारलेले नाही.

कोशाविषयी एक शब्द सांगणे अवश्य आहे. आपल्याकडे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली निघाली. तो कोश आजही माझ्या उशाशी असतो. पण कोश म्हणजे शब्दाचा अर्थ पाहण्याचे साधन, ही आपली समजूत येथे अपुरी पडते. 'लुक' म्हणजे पाहणे, हे माझ्या विद्यार्थिनीला ठाऊक होतेच. हवा होता तो क्रियापद कोणाच्या सोबतीने वावरते हे सांगणारा कोश. असा कोश जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी या शिक्षकाने दोन सहकाऱ्यांच्या मदतीने तयार केला. तो प्रथम टोकियोत १९४२ साली छापला गेला आणि १९४८ साली ऑक्सफर्डने पुन्हा काढला. परक्या भाषेच्या मुलांच्या चुका रोज तपासणाऱ्या माणसाने तो केला असल्यामुळे त्यात क्रियापदाबरोबर त्याचा साचाही दिला आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या आज सगळीकडे मिळतात. मी मुलांना सांगतो की, शब्द पाहिलात तर अर्थापाशी थांबू नका. दोन बोटे पुढे सरकून सोबती कोण आहे तेही पाहा.

आता खिशातल्या दूरध्वनीतच भाषांतराचे यंत्र आले आहे, आणि अर्ज लिहिताना ते पुष्कळदा योग्य अव्ययही सुचवते. मी त्याची निंदा करणार नाही. पण मुलाखतीच्या टेबलावर यंत्र काढता येत नाही, आणि आईविषयी बोलताना तर नाहीच नाही.

या अभ्यासाचा एक परिणाम असा झाला की, मी मराठीचे पेपर निराळ्या नजरेने तपासू लागलो. आमची मुले हल्ली सर्रास 'माझी मदत कर' लिहितात. ही हिंदीची पाठराखीण मराठीच्या घरी आली आहे. आपले म्हणणे 'मला मदत कर'. 'मी तुला बोललो' हेही तसेच. आपण कोणा'ला' म्हणतो आणि कोणा'शी' बोलतो. एका मुलाने तर कथेत 'मी तुला प्रेम करतो' असे लिहिले होते. पूर्वी मी अशा वाक्यांवर लाल शाईने काट मारून पुढे जात असे. आता थांबतो. ज्या वाटेने माझी विद्यार्थिनी इंग्रजीत चुकली, त्याच वाटेने हा मुलगा मराठीत चुकला आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली एवढे मोठे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले, ते मी वर्षानुवर्षे शिकवतो. पण प्रत्यय चुकला की माणूस मूर्ख ठरत नाही, तो दोन घरांच्या उंबरठ्यावर उभा आहे एवढेच ठरते, हे मला त्या वहीने शिकवले.

वही भरल्यावर मी त्या मुलीला बोलावले आणि तिची क्षमा मागितली. ती ओशाळली. "सर, असं काय बोलता?" म्हणाली. मग आम्ही दर शनिवारी तास सुरू केला. प्रथम ती एकटी होती, मग नऊ जण झाले, मग वर्ग भरला. एका शनिवारी मी 'लुक'ची पाच घरे फळ्यावर लिहिली आणि उदाहरणे विचारली. मुले किल्ली हरवल्याची, फुलाकडे पाहिल्याची वाक्ये सांगत होती. तेवढ्यात ती उठली.

म्हणाली, "सर, मुलाखतीच्या दिवशी पुण्याहून यायला मला रात्र झाली. वाडीची शेवटची गाडी निघून गेली होती. मी स्टँडवरच बसून होते. आई कोणाच्या तरी मोटारसायकलवरून बॅटरी घेऊन मला शोधत आली. शी लुक्ड फॉर मी. मी दिसल्यावर काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. शी लुक्ड ॲट मी. आणि वडील गेल्यापासून ती जे करते आहे, ते लुक आफ्टर." एवढे बोलून ती खाली बसली.

त्या दिवशी फळ्यावरची उरलेली दोन घरे मी तशीच सोडून दिली. आमच्या वर्गातले कोणीही मूल 'लुक'ची ही तीन रूपे आता विसरणार नाही.

पुढे तिने आणखी दोन ठिकाणी मुलाखती दिल्या. पहिलीकडे जमले नाही, दुसरीकडे जमले. आज ती नोकरी करते, धाकट्या भावाचे शिक्षण करते. माझ्या शनिवारच्या तासामुळे तिला नोकरी लागली असे मी म्हणणार नाही; ती तिच्या हुशारीने लागली. मी फक्त माझा सल्ला परत घेतला. आता मी मुलांना सांगतो, मराठीत विचार खुशाल करा, तो आपला हक्कच आहे. पण इंग्रजीच्या घरात शिरताना तिथल्या चालीरीती विचारून घ्या. नवे क्रियापद भेटले की ते एकटे लिहू नका, सोबत्यासह लिहा, आणि पुढे स्वतःच्या आयुष्यातले एक वाक्य जोडा. दुसऱ्याच्या पुस्तकातले वाक्य उद्या विसराल, आपल्या आईचे विसरणार नाही.

गेल्या दिवाळीत पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आमच्या घरी आली. बाईंनी कापडाची गाठ सोडून फराळाचा डबा आमच्या सौभाग्यवतींच्या हाती दिला. त्यात कडबोळी होती. मग जमिनीकडे पाहत त्या मला म्हणाल्या, "सर, लई उपकार झालं. तुमी माझ्या पोरीकडं बघितलं."

मला काय बोलावे ते सुचेना. मुलगी माझ्या तोंडाकडे बघून हसत होती.

"सर," ती म्हणाली, "सांगा आता. ॲट, का आफ्टर?"

मी म्हटले, "आधी नुसता ॲट होता, बाई. आफ्टर व्हायला मला तुझ्यापासून शिकावं लागलं."

बाईंना आमचे बोलणे काही कळले नाही. त्यांनी डब्यातले एक कडबोळे काढले आणि "खाऊन तर बघा" म्हणून माझ्या हातावर ठेवले.